कुत्रा अर्धा पाळता येत नाही

आरोग्याच्या सदरात कुत्र्या-मांजरांचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्यांनी एखाद्या सकाळी सरकारी दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या खोलीबाहेर थोडा वेळ बसून पाहावे. कुत्रा चावलेला रुग्ण तेथे हमखास भेटतो आणि पुष्कळदा ते लहान मूल असते. कुत्रा कोणाचा, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. "आमच्याच आळीतला आहे, साहेब. रोज आमच्याच दारात जेवतो." बरे, त्याला लस टोचली होती का? "त्याला कोण टोचणार? तो काय आमचा आहे?"

म्हणजे जेवायला तो आमचा आणि सुईची वेळ आली की कोणाचाच नाही. शहापूर आणि मुरबाड ह्या आपल्या दोन तालुक्यांत कुत्र्यांपासून माणसांना जो त्रास होतो त्याचे मूळ, माझ्या मते, ह्या अर्धवट पाळण्यात आहे. मोकाट कुत्र्यांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते, सभांतून बोलले जाते. परंतु ज्याला आपण मोकाट म्हणतो तो बहुतेक वेळा कोणाच्या तरी शिळ्या भातावर आणि तांदळाच्या भाकरीच्या तुकड्यांवर वाढलेला असतो. तेव्हा कुत्रा पाळावा की न पाळावा, पाळला तर कोणता आणि त्याआधी घरात काय तयारी हवी, हा प्रश्न हौसेचा नाही. घराच्या आणि गावाच्या आरोग्याचा आहे.

आपल्या खेड्यापाड्यांत कुत्रा कोणी निवडून आणत नाही, तो येतो. एखादी कुत्री कुडाच्या आडोशाला विते, पोरे त्यांतले एक पिल्लू उचलून आणतात, त्याला मोती किंवा वाघ्या म्हणतात आणि तो घरचा होऊन जातो. त्याचा उपयोगही असतो. खळ्यावर रात्री रानडुकरे आली, खुराड्यापाशी मुंगूस फिरकले, अनोळखी माणूस वाडीत शिरला, की पहिली वर्दी तोच देतो. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे आणि खंडोबाच्या घोड्याशेजारी एक कुत्रा पाहत वाढलेल्या समाजाला कुत्र्याची माया शिकवावी लागत नाही. उणीव आहे ती पुढच्या गोष्टींची.

दिवाळी झाली, भात खळ्यावरून घरात आला, की आपल्या भागातली कितीतरी कातकरी कुटुंबे बिऱ्हाड घेऊन वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावरच परततात. काही कुत्री त्यांच्याबरोबर जातात, काही पाड्यावरच राहतात. मागे राहिलेल्यांचे खाणे तुटते, ती टोळ्या करून कोंबड्या-शेरडांमागे लागतात आणि माणसाच्या अंगावर धावू लागतात. त्या कुटुंबांना दोष देणे मला पटत नाही. ज्याला पोरांची शाळा अर्ध्यावर सोडवून त्यांना बरोबर न्यावे लागते, त्याला कुत्र्याची सोय काय केली म्हणून कोणत्या तोंडाने विचारावे?

पण ही सवलत मी शनिवार-रविवारच्या बंगल्यांना देणार नाही. आसनगाव-खर्डीच्या बाजूला आणि मुरबाडहून माळशेज घाटाच्या वाटेवर अशी घरे आता जागोजागी दिसतात. राखणीसाठी एक-दोन पिल्ले आणून रखवालदाराच्या हवाली केली जातात. मालक पंधरा दिवसांनी येतो, बिस्किटे घालतो, फोटो काढतो आणि परत जातो. रखवालदार बदलला, जागा विकली गेली, की तीच कुत्री फाटकाबाहेर. प्राण्याला उपाशीतापाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि कुत्र्याला कायम साखळीत जखडून ठेवणे हाही आहे. हे ह्या मंडळींपैकी किती जणांच्या गावी असते, कोण जाणे! राखण हवी असेल तर त्या कुत्र्याची लस, त्याचे रोजचे खाणे आणि नसबंदी हा मालकाचा खर्च आहे, रखवालदाराचा नव्हे.

आता ह्या सगळ्याच्या मागे उभ्या असलेल्या रोगाविषयी. रेबीज, म्हणजे कुत्रा पिसाळणे, हा विषाणूचा रोग आहे. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे ह्या रोगाने मरतात आणि त्यांतला एक तृतीयांशाहून थोडा अधिक वाटा भारताचा आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यामुळेच होतो. चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात. क्वचित आठवड्याच्या आत, तर कधी वर्षानंतरही ती दिसतात. पाणी पाहून घशाला आचके येऊ लागले की वैद्यकशास्त्राचे हात टेकलेले असतात. मात्र चावल्यानंतर वेळेवर लस घेतली तर हाच रोग जवळजवळ पूर्णपणे टळतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचली आणि तो जगला, ह्या गोष्टीला केव्हाच शंभर वर्षे होऊन गेली. तरी माणसे मरतात ती उशिराने आणि अज्ञानाने.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे लाळ गाळत, दिसेल त्याला चावत सुटलेला कुत्रा, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. ह्या रोगाचा दुसरा प्रकार मुका असतो. कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो, खात नाही, त्याचा खालचा जबडा लुळा पडतो, तोंडातून लाळ गळते, आवाज बदलतो. घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले. मग कोणीतरी कनवाळू माणूस तोंडात हात घालून हाड शोधायला जातो. गाय-बैलाच्या बाबतीतही असेच घडते. म्हणून जनावराचा जबडा पडलेला दिसला, लाळ गळू लागली, की तोंडात हात न घालता त्याला वेगळे बांधावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे.

इतके वाचून कोणी ठरवले की आपण कुत्रा पाळायचाच नाही, तर त्यात काही वावगे नाही. घरात माणूस नाही, जागा नाही, वेळ नाही, तर न पाळणे हीच त्या जनावरावर दया. ज्यांना पाळायचा आहे त्यांनी आधी एक हिशेब करावा. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. आज चौथीत असलेला मुलगा, ज्याच्या हट्टापायी पिल्लू येणार आहे, तो कॉलेज संपवून नोकरीला लागला तरी कुत्रा घरात असेल. मुलाच्या हट्टाने आणलेला कुत्रा सहा महिन्यांत आईच्या गळ्यात पडतो, हा घरोघरचा अनुभव आहे. तेव्हा पिल्लू आणताना मुलाला नव्हे, त्याच्या आईला विचारावे.

कोणत्या जातीचा घ्यावा, हे मला वारंवार विचारले जाते आणि माझे उत्तर विचारणाऱ्याला फारसे आवडत नाही. गावठी घ्या. २००३ साली हच ह्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा बसक्या नाकाचा पग आला आणि शहरांतून त्याची लाट उसळली. त्या बसक्या नाकापायी ह्या जातीला श्वास घ्यायला त्रास होतो आणि एप्रिल-मेमध्ये तो अधिकच होतो. बर्फाच्या प्रदेशातला दाट केसांचा हस्की आपल्याकडच्या उकाड्यात पाळणे हा तर मुक्या जीवाचा छळच. विदेशी कुत्रा घेणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण त्याला पंखा लागेल, रोजची दौड लागेल, गोचिडांपासून फार जपावे लागेल, हे समजून घ्यावे. आपला गावठी कुत्रा ह्या हवेत आणि ह्या अन्नावर पिढ्यानपिढ्या वाढलेला आहे. मराठवाडा-सोलापूरकडचा कारवानी शिकारी कुत्रा देखणा खरा, पण त्याला धावायला माळरान हवे. चाळीच्या ओसरीवर त्याने काय करावे?

पिल्लू कितीही गोजिरे असले तरी आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नये. ते चपळ, भरल्या अंगाचे, स्वच्छ डोळ्यांचे असावे. पोट तेवढे नगाऱ्यासारखे आणि बरगड्या वर आलेल्या असतील तर ते बहुधा जंतांचे लक्षण. ते जंत आपल्या मुलांपर्यंतही पोहोचतात. कुत्र्याच्या विष्ठेतली गोल जंतांची अंडी मातीत मिसळतात आणि अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात, प्रसंगी डोळ्यात शिरतात. आकडीजंतांच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसतात. म्हणून पिल्लाला दोन-तीन आठवड्यांचे असल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे जंताचे औषध द्यावे. दीड-दोन महिन्यांचे झाले की डिस्टेंपर आणि पार्व्हो ह्या रोगांच्या लशी सुरू कराव्यात. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस आणि त्यानंतर पशुवैद्यक सांगतील तेव्हा, बहुधा दरवर्षी, ती पुन्हा. पिल्लू फुकट मिळाले तरी कुत्रा फुकट पडत नाही, तो असा.

नसबंदीचे नाव काढले की आपल्याकडे पुष्कळांना पाप वाटते. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांत विते. ती पिल्ले पोत्यात घालून दूर कोठेतरी सोडून येणे हे पाप नाही काय? साधारण सहा महिन्यांच्या वयानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी.

खाण्याविषयी दोन शब्द. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. ते तूप भक्तीचे होते. आपल्या कुत्र्याला भाकरी, भात, उकडलेले अंडे, शिजवलेले मांस चालते; कांदा, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे चालत नाहीत. कांद्याने त्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि शिजवलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे आतडे फाडतात. म्हसोबाची जत्रा असो की घरचा नवस, बकरे कापल्यावर आतली घाण कुत्र्यांपुढे फेकायची पद्धत तर बंदच व्हावी. जनावराच्या यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी कधीकधी दिसतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या पोटात एक बारीक फीतजंत वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेली की त्याच्याही यकृतात तशीच गाठ तयार होते. अशी गाठ कित्येकदा शस्त्रक्रिया करूनच काढावी लागते.

गोचिडांसाठी शेतातले कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याला न्हाऊ घालणारे लोक आहेत. त्याने गोचिडाबरोबर कुत्राही जातो आणि न्हाऊ घालणाऱ्याच्या हातालाही ते औषध लागते. दवाखान्यातून योग्य औषध आणावे.

आपल्या दोन तालुक्यांना आणखी एक गोष्ट लागू आहे. तानसा अभयारण्य शहापुरात आणि मुरबाडच्या अंगाला सह्याद्रीचा कडा, त्यामुळे बिबट्या आपल्याला परका नाही. घाटमाथ्यापलीकडे अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा राखण तर करीत नाहीच, उलट बिबट्याला दारापर्यंत बोलावतो आणि त्याच अंगणात उन्हाळ्यात आपली माणसे झोपलेली असतात. रात्री कुत्रा गोठ्यात किंवा पडवीत, दार लावून ठेवावा.

मांजराविषयी थोडक्यात. भाताच्या कणगीच्या घरात मांजर हे सर्वांत सोयीचे जनावर. पण रेबीज मांजरालाही होतो, म्हणून लस त्यालाही हवीच. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची घाण तिने साफ करू नये, त्यातून गर्भाला अपाय करणारा एक जंतू जाऊ शकतो. त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची मात्र गरज नाही. आणि मांजर आजारी पडले म्हणून घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी त्याला कदापि देऊ नका. एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेते.

पिंजऱ्यातल्या पोपटाचा विषय एका वाक्याचा आहे. आपला रानातला पोपट, मुनिया, चांदणी कासव, मुंगूस, माकड हे पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो कोणी विकत दिलेला असो की झाडाच्या ढोलीतून काढलेला.

अंगणातल्या कोंबड्यांना आपण पाळीव प्राण्यांत मोजत नाही, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लूने सुमारे शंभर कोंबड्या मेल्या आणि परिसरातले हजारो पक्षी नष्ट करण्याची पाळी प्रशासनावर आली, हे आठवत असेल. एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर त्या शेजारी वाटू नयेत, ओढ्यात फेकू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

घरात कुत्रा असो वा नसो, मुलांना काही गोष्टी शिकवाव्याच लागतात. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. अंगावर आला तर पळायचे नाही, हात अंगालगत घेऊन झाडासारखे उभे राहायचे. आणि चावला, ओरबाडले, अगदी खरचटलेल्या जागी चाटले, तरी घरी सांगायचे. मार बसेल ह्या भीतीने मुले लपवतात, म्हणून सांगितल्याबद्दल मुलाला रागावू नये.

चावल्यानंतर पहिले औषध आपल्या न्हाणीघरात आहे. नळाच्या किंवा तांब्याच्या धारेखाली, साबण लावून, पंधरा मिनिटे जखम धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. वाटतात त्यापेक्षा ती फार मोठी असतात. चुना, तिखट, हळद, तंबाखू ह्यांतले काहीही त्यावर दाबू नये आणि मांत्रिकाकडे एक तासही घालवू नये. नंतर थेट शहापूर किंवा मुरबाडचे सरकारी रुग्णालय अथवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे; तेथे लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती अजून म्हाताऱ्या माणसांच्या मनात आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात टोचतात. स्नायूत द्यायची असेल तर पहिल्या दिवशी आणि मग ३, ७, १४ व २८ व्या दिवशी. कातडीत द्यायची असेल तर पहिल्या, ३, ७ व २८ व्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन्ही दंडांत. रक्त आले असेल तर जखमेत व तिच्याभोवती रेबीजची तयार प्रतिद्रव्ये, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, टोचावी लागतात. ती प्रत्येक लहान केंद्रात असतातच असे नाही, म्हणून स्पष्ट विचारून घ्यावे आणि नसतील तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. भातलावणीच्या गडबडीत तिसरे किंवा चौथे इंजेक्शन राहून जाते, ते राहू देऊ नये.

चावलेल्या कुत्र्याला काठ्यांनी ठेचून मारण्यात आपला तोटा आहे. पाळीव कुत्रा बांधून ठेवून दहा दिवस पाहता येतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असे कळते आणि पुढची इंजेक्शने थांबवायची का, हे डॉक्टर ठरवू शकतात. अर्थात त्या दहा दिवसांची वाट पाहत लस सुरू करायची थांबू नये. कुत्र्याचा मालक असाल तर चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्याचे काम आणि गाडीभाडे तुमचे. हे केवळ शेजारधर्म म्हणून सांगत नाही. जनावर निष्काळजीपणे बाळगल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

एवढे सारे एकेका घराने केले तरी पाड्यावरच्या सामाईक कुत्र्याचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथे सरकार आणि मिशन रेबीज ह्या संस्थेने गावोगाव फिरून दरवर्षी सुमारे एक लाख कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालवली. दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचे सूत्र. त्याआधीची तीन वर्षे माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नव्हती, तेव्हा २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' म्हणून जाहीर झाला. तो काही फार श्रीमंतीचा उपाय नाही.

आपल्या ग्रामपंचायतींनी हे काम २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनापासून दिवाळीपर्यंतच्या काळात करावे, अशी माझी सूचना आहे. तेव्हा भट्टीवर जाणारी कुटुंबे घरीच असतात, त्यांचे कुत्रेही पाड्यावरच असतात. दिवाळीनंतर शिबिर घेतले तर कुत्रा सापडेल, त्याला धरणारा सापडणार नाही. टोचायला आलेल्या माणसाच्या हाती अनोळखी कुत्रा लागत नाही. ज्याच्या हातची भाकरी तो खातो त्यालाच तो धरू देतो. म्हणून शिबिराच्या आदल्या दिवशी पाड्यापाड्यांतून निरोप फिरवावा, सुंभाची दोरी आणि जुने गोणपाट घेऊन यायला सांगावे, ज्याने कुत्रा आणला त्याच्याच नावाने लसीचे कार्ड करावे आणि ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगावे. फार्महाऊसच्या मालकांना नोटीस एक महिना आधी पाठवावी. शहापूर आणि मुरबाडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांना लशींची मागणी वर नोंदवावी लागते, तेव्हा ग्रामसभेचा ठराव पावसाळ्यातच झालेला बरा.